दोन जन्मांच्या मधली काही मिनिटं

विचारणारी पहिलटकरीण आहे. ३१वा आठवडा चालू आहे, पोटात जुळी आहेत, दोघांच्या वारा (प्लासेंटा) वेगळ्या आहेत आणि खालच्या बाळाचं डोकं सध्या खाली आहे. तिचे प्रश्न असे: जुळ्यांना जन्म देताना नेमकं कसं वाटतं? कळा दुप्पट असतात का? एक बाळ झाल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून सोसावं लागतं का? घरातले म्हणतात सिझेरियनच करून घे, ते बरोबर आहे का? आणि शेवटचा प्रश्न तिने जरा संकोचत विचारलाय: दोघांवर एकदम माया जडते का?

मी २६ वर्षं बाळंतपणं करते आहे. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली, पण दोन्ही वेळा पोटात एकेकच बाळ होतं. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातलं काही पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलेलं आहे, आणि काही नंतर तपासणीला आलेल्या बायकांनी निवांत बसून सांगितलेलं. त्यांनी सांगितलेल्याला मी जास्त किंमत देते. लेबर रूममध्ये मला जे दिसतं आणि बाईला जे जाणवतं त्यात बरंच अंतर असतं, हे मला उशिरा कळलं.

आधी कळांचं. त्या दुप्पट नसतात. कळ म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचं आवळणं, आणि बाळं दोन असली तरी गर्भाशय एकच असतं. त्याचं तोंडही एकदाच उघडायचं असतं. १० सेंटीमीटर उघडेपर्यंतचा जो लांबलचक, दमवणारा टप्पा आहे, ज्यात पहिलटकरणीचे कितीतरी तास जातात, तो दोन्ही बाळांत मिळून एकच. पहिलं बाळ वाट मोकळी करतं आणि दुसरं त्याच वाटेने येतं. जोर मात्र दोनदा करावा लागतो. त्यातला दुसऱ्या वेळचा बहुतेकदा थोडक्यात आटपतो, कारण दुसरं बाळ अनेकदा जरा लहान असतं आणि स्नायू आधीच सैलावलेले असतात.

मग एका बाळाच्या आणि जुळ्यांच्या बाळंतपणात फरक पडतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे कळा सुरू होण्याआधीच अंग थकलेलं असतं. दुसरा फरक दोन बाळांच्या मधल्या वेळात. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मला त्यावरच जास्त लिहायचं आहे. पण क्रमाने येते.

जुळ्यांचं पोट ३२ आठवड्यांच्या सुमाराला एका बाळाच्या पूर्ण दिवसांच्या पोटाएवढं झालेलं असतं. म्हणजे इतर बायका ज्या आकाराला पोचून बाळंत होतात, त्या आकाराला पोचूनही तुम्हाला आणखी काही आठवडे काढायचे असतात. बरगड्यांखाली कोंडल्यासारखं होतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. झोप तुकड्यातुकड्यांची होते. उताणं पडलं की गर्भाशयाच्या वजनाने मागची मोठी रक्तवाहिनी दबते आणि गरगरतं. ते घाबरण्यासारखं नाही, पण तसं झालं की लगेच डाव्या कुशीवर वळायचं. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की लेबर रूममध्ये जाताना आपण ताज्यातवान्या नसणार हे धरून चाला. शेवटच्या आठवड्यांत विश्रांतीसाठी कुणाकडे मदत मागावी लागली तर त्यात तुमचा आळस नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या ३१व्या आठवड्यात विशेष महत्त्वाची आहे. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आधीच जन्माला येतात. ताणलेलं गर्भाशय दिवसभर अधूनमधून कडक होतच असतं, त्यामुळे खऱ्या कळा कधी सुरू झाल्या हे बायकांना उशिरा कळतं. माझ्याकडे वेळेआधी आलेल्या कितीतरी जणींनी सांगितलंय की त्यांना दुखत असं नव्हतंच. कंबर भरून आल्यासारखी वाटत होती, खाली दाब येत होता, पाळीच्या आधी होतं तसं ओटीपोट जड झालं होतं. कडकपणा ठरावीक अंतराने यायला लागला, योनीतून पाणी किंवा रक्त आलं, किंवा स्राव एकदम वाढला, तर पडून बघू, सकाळी बघू असं करू नका. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची चिन्हं दिसली तर बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात. त्यांचा पूर्ण फायदा व्हायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून वेळेत पोचण्याला महत्त्व आहे. तसं काही झालं नाही तर दोन वेगळ्या वारांच्या जुळ्यांची प्रसूती साधारण ३७ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान करवतात, आपोआप कळा आल्या नाहीत तर त्या सुरू करून. एकच वार दोघांत असेल तर ३६ ते ३७च्या दरम्यान.

आता लेबर रूम. आत गेल्यावर बहुतेक जणींना धक्का बसतो तो माणसांचा. एका बाळाच्या वेळी एक डॉक्टर आणि एक नर्स असते, तर इथे भूल देणारे डॉक्टर, दोन बाळांसाठी दोन वेगळे चमू, मदतीला आणखी एक प्रसूतितज्ज्ञ, सोनोग्राफीचं मशीन, बाळं ठेवायला दोन उबदार टेबलं. इतकी माणसं बघून बायकांना वाटतं की काहीतरी बिघडलंय. तसं नसतं. दोघांपैकी कुणालाही लगेच मदत लागली तर हात रिकामे असावेत, एवढ्यासाठीच ती उभी असतात. कोण कशासाठी आहे ते आधी विचारून घ्या. नाव आणि काम कळलं की तीच गर्दी आधार वाटायला लागते.

पोटावर दोन पट्टे बांधतात, दोघांच्या ठोक्यांसाठी दोन. दोन ठोके एकत्र ऐकू येतात तेव्हा दोन घोडे जरा वेगवेगळ्या चालीने दौडत असल्यासारखं वाटतं. कित्येक जणींनी मला सांगितलंय की त्या सगळ्या तासांत तोच आवाज त्यांनी धरून ठेवला होता. मधूनच एक ठोका हरवतो, नर्स येऊन पट्टा सरकवते. बाळ हललेलं असतं, किंवा दोन्ही पट्टे एकाच बाळावर लागलेले असतात. ठोका हरवला याचा अर्थ बाळाला काही झालं असा नसतो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

पाठीच्या मणक्याशी बारीक नळी बसवून द्यायची भूल, म्हणजे एपिड्युरल, जुळ्यांच्या बाळंतपणात आम्ही आवर्जून सुचवतो. तुमच्या सहनशक्तीवर विश्वास नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या बाळासाठी आत हात घालावा लागला किंवा ऐनवेळी सिझेरियन करावं लागलं, तर भूल आधीच लागलेली असते आणि तेवढी मिनिटं वाचतात. एपिड्युरल लागल्यावर दुखणं बरंच ओसरतं, दाब मात्र जाणवत राहतो. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या वर्णनातली पहिल्या बाळाची कळ ही कुठल्याही बाळंतपणातल्या कळेसारखीच आहे: कमरेतून सुरू होऊन पुढे वळणारी, शिगेला पोचणारी आणि ओसरणारी. शेवटी शौचाला लागल्यासारखी अनावर भावना, ताण, डोकं बाहेर येतानाची आग, आणि मग अंग सुटल्यासारखं वाटून बाळ बाहेर. पहिलं बाळ रडतं, नाळ कापतात, जमलं तर छातीवर देतात. इथपर्यंत सगळं इतर बाळंतपणांसारखंच.

आणि मग सगळं थांबतं.

याच ठिकाणी मी एकदा एका बाईच्या बाबतीत मोठी चूक केली आहे. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. पहिला मुलगा झाला, छान रडला. त्यानंतर कळा ओसरल्या, तशा त्या ओसरतातच. मला दुसऱ्या बाळाची स्थिती नीट बघायची होती, म्हणून मी यंत्राचा आवाज बारीक केला आणि पडद्याकडे बघत राहिले. खोलीत कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. मला तो वेळ अगदी निर्धास्त वाटत होता: ठोके उत्तम होते, बाळ हळूहळू खाली येत होतं, घाईचं कारण नव्हतं. १८ मिनिटांनी मुलगी झाली, तीही ठणठणीत. पण आईला रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. आम्हाला वाटलं, आनंदाने रडते आहे. ६ आठवड्यांनी तपासणीला आली तेव्हा तिने सांगितलं की त्या १८ मिनिटांत तिने आपली मुलगी गेली असं धरलं होतं. दुखणं अचानक थांबलं, ठोक्यांचा आवाज गेला आणि कुणी तिच्याकडे बघेना, त्यावरून तिने तो अर्थ काढला होता. विचारायचा धीर झाला नाही, कारण विचारलं तर खरं कळेल. पहिलं बाळ तिच्या छातीवर होतं आणि त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. मी तिची माफी मागितली. त्या दिवसापासून त्या वेळात मी यंत्राचा आवाज मोठा ठेवते आणि बोलत राहते. काय दिसतंय, कशाची वाट बघतोय, सगळं.

म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते की त्या वेळात काय होतं. गर्भाशयातून एक बाळ कमी झालं की त्याला एकदम मोकळीक मिळते. इतके आठवडे ताणलेला स्नायू नव्या आकाराला जुळवून घेतो, आणि तोवर कळा मंदावतात किंवा काही मिनिटं पूर्ण थांबतात. बायका सांगतात की पोट एका बाजूला रिकामं, लिबलिबीत वाटतं, वरचा भाग अजून भरलेला. दुसऱ्या बाळाला इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच हातपाय पसरायला जागा मिळालेली असते, म्हणून ते आत गिरकी घेऊ शकतं. काही जणींना ते वळताना स्पष्ट जाणवतं, मोठा मासा उलटल्यासारखं. ते आडवं होऊ नये म्हणून पहिलं बाळ बाहेर येता येताच एक जण तुमच्या पोटावर दोन्ही बाजूंनी हात ठेवून त्याला उभं धरून ठेवतो. तो दाब चांगलाच जोराचा असतो. याची कल्पना नसेल तर दचकायला होतं. मग सोनोग्राफीने डोकं खाली आहे की पाय ते बघतात, आणि कळा परत याव्यात म्हणून सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू करतात किंवा वाढवतात.

हा वेळ बहुतेकदा १० ते ३० मिनिटांचा असतो, कधी त्याहून कमी. ठोके चांगले असतील तर घड्याळाकडे बघून घाबरायचं कारण नाही, पण फार लांबवतही नाहीत, कारण वेळ वाढेल तसा दुसऱ्या बाळाला त्रास होण्याचा संभव वाढतो. एक वार आधीच सुटायला लागू शकते, नाळ खाली घसरू शकते, तोंड पुन्हा थोडं मिटू शकतं. म्हणून आम्ही सगळे त्या वेळात इतके एकाग्र असतो. आमची शांतता ही लक्ष देण्याची शांतता असते, पण पलंगावरून ती वेगळी दिसते. तुमच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा: दुसऱ्या बाळाचे ठोके मला ऐकू येऊ द्या, आणि मधल्या वेळात माझ्याशी बोला. एवढी मागणी कुणी नाकारणार नाही. सोबत आत कुणी येणार असेल तर त्या माणसालाही हे माहीत असू द्या. पहिल्या बाळाच्या मागे सगळे धावतात आणि आई अर्ध्या वाटेवर एकटी राहते, असं मी बरेचदा पाहिलं आहे. सोबतच्या माणसाने त्या वेळी तुमच्या उशाशीच थांबायचं.

त्या वेळात मनाची स्थिती चमत्कारिक असते. छातीवर एक ओलं, उबदार बाळ आहे, त्याच्याकडे बघत बसावंसं वाटतं, शरीराला वाटतं आपलं काम झालं, आणि कुणीतरी सांगतंय की पुन्हा जोर करायची तयारी करा. काही जणींना त्या क्षणी चक्क राग येतो. काहींना वाटतं, मला नाही जमणार आता. पहिल्या बाळाला कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं तेव्हा हात सोडवत नाही. यातलं काहीही वाटलं तरी ते तुमच्या आई असण्यातली उणीव नाही. एकाच वेळी पोहोचणं आणि निघणं अशा दोन्ही गोष्टी शरीर करत असतं.

दुसरा जन्म सहसा दोन प्रकारे होतो. डोकं खाली असेल तर ते खाली आल्यावर पाण्याची पिशवी फोडतात, तीन-चार कळांत जोर केला की बाळ येतं. त्या वेळची आग पहिल्यापेक्षा कमी असते असं बहुतेक जणी सांगतात. बाळ पायाळू असेल किंवा आडवं असेल तर सरावलेला डॉक्टर आत हात घालून त्याचे पाय धरतो आणि त्याला पायांकडून हलकेच बाहेर काढतो. वाचायला भयंकर वाटेल. एपिड्युरल असेल तर जाणवतो तो मोठा दाब आणि आतून ओढल्याची भावना. ती काही मिनिटांचीच असते, पण ती मिनिटं कठीण असतात, आणि ती सोपी असतात असं मी कुणाला सांगणार नाही. भूल नसेल तर ते फार दुखतं. एपिड्युरल सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. या कामात डॉक्टरांचा हात बसलेला असणं फार महत्त्वाचं, म्हणून तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: दुसरं बाळ पायाळू निघालं तर तुम्ही काय करता? उत्तर ऐकून तुम्हाला बरंच काही कळेल.

पहिलं बाळ नैसर्गिकरीत्या आणि दुसरं सिझेरियनने, असंही होतं. थोड्यांच्या बाबतीत होतं, पण होतं. ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना नंतर वाटतं की आपण दोन्ही परीक्षा दिल्या. खालचे टाके आणि पोटाचे टाके दोन्ही दुखत असतात आणि कुठल्या कुशीवर झोपावं ते कळत नाही. त्यांना जास्तीची मदत आणि वेळेवर दुखण्याची औषधं द्यायलाच हवीत.

दुसरं बाळ झालं की सुटकेची जी लाट येते ती एका बाळाच्या वेळेपेक्षा मोठी असते असं मला चेहऱ्यांवरून वाटतं. पण आमचं काम तिथे संपत नाही. वारा साधारण दोन्ही बाळं झाल्यावरच पडतात. आणि खूप ताणलेलं गर्भाशय नीट आवळत नाही, त्यामुळे जुळ्यांनंतर जास्त रक्त जाण्याचा धोका एका बाळाच्या वेळेपेक्षा मोठा असतो. म्हणून लगेच इंजेक्शन देतात, सलाईन चालू ठेवतात आणि पोटावरून गर्भाशय चोळतात. ते चोळणं दुखतं, आणि पोटात पुन्हा कुणी हात खुपसतंय म्हणून बायका वैतागतात. तरीही ते करू द्या. त्याच सुमाराला अंगाला थडथड कापरं भरतं, दात वाजतात. ते नैसर्गिक प्रसूतीनंतरही होतं आणि सिझेरियननंतरही. ताप आला किंवा भीती वाटली म्हणूनच ते होतं असं नाही. अर्ध्या-एक तासात पांघरुणाखाली थांबतं.

आता सिझेरियनचा प्रश्न. घरातल्यांचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण 'जुळी म्हणजे सिझेरियनच' हे खरं नाही. याच प्रश्नावर ट्विन बर्थ स्टडी नावाचा मोठा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. २५ देशांतल्या २,८०० गरोदर बायका त्यात होत्या, सगळ्यांचं पहिलं बाळ डोक्याकडून होतं आणि दिवस ३२ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान भरलेले होते. निम्म्या जणींचं सिझेरियन ठरवलं आणि निम्म्या जणींची नैसर्गिक प्रसूती. बाळांच्या दृष्टीने दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी: नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं शेवटी सिझेरियन झालं. म्हणजे पहिलं डोकं खाली असेल, दुसरं बाळ पहिल्यापेक्षा खूप मोठं नसेल आणि अनुभवी चमू असेल, तर प्रयत्न करणं सुरक्षित आहे. मात्र मनात दोन्ही वाटा उघड्या ठेवून आत जायचं. पहिलं बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर मीही सहसा सिझेरियनच सुचवते. दोघं एकाच पिशवीत असतील तर त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून तिथे ३२ ते ३४ आठवड्यांतच सिझेरियन करतात. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही.

ठरवलेल्या सिझेरियनमध्ये मधला वेळ जवळजवळ नाहीसा होतो: दोन बाळं एक-दोन मिनिटांच्या अंतराने बाहेर येतात. कमरेत दिलेल्या भुलीमुळे कापल्याचं दुखत नाही, पण कुणीतरी आत हात घालून सामान हलवत असल्यासारखं ओढणं, ढकलणं जाणवतं. बाळ बाहेर काढताना वरून पोटावर दाब देतात तेव्हा श्वास कोंडल्यासारखा होतो. भुलीने रक्तदाब उतरून मळमळतं. ते लगेच सांगा, औषधाने मिनिटभरात बरं वाटतं. पडद्याच्या पलीकडून एक रडणं, आणि ते ओळखीचं होईपर्यंत दुसरं. काही जणींना हे इतकं भरभर होतं की नंतर आठवताना कोण आधी रडलं ते सांगता येत नाही आणि त्याची चुटपुट लागून राहते. तुम्हाला हवं असेल तर सांगून ठेवा: पहिलं बाळ मला दाखवा आणि मगच दुसऱ्याकडे वळा. तब्येती ठीक असतील तर तेवढे क्षण थांबता येतं.

तिळ्यांबद्दल थोडक्यात: ती बहुधा ३५ आठवड्यांच्या आतच होतात, बहुतेक सिझेरियनने, आणि जवळजवळ नेहमीच काही दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहतात. तिथल्या आयांना बाळंतपणापेक्षा नंतरचे आठवडे जास्त आठवतात.

ते नंतरचे दिवस तुमच्याही वाट्याला येऊ शकतात, म्हणून लिहिते. जुळ्यांचं वजन साधारण अडीच किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, आणि दोघांपैकी एकाला जास्त काळजी लागणं नेहमीचं आहे. म्हणजे एक कुशीत, एक काचेच्या पेटीत. मधल्या वेळाचीच ही दुसरी, लांबलेली आवृत्ती असते. जवळच्याला पाजताना पेटीतल्याचं अपराधीपण, पेटीपाशी उभं असताना जवळच्याचं. चालता यायला लागायची वाट बघू नका. चाकाच्या खुर्चीतून तुम्हाला एनआयसीयूत नेता येतं. पेटीतल्या बाळाला हात लावता येतो, आणि ते जरा स्थिर झालं की उघड्या छातीवर घेता येतं. कोलंबियातल्या बोगोटात १९७८मध्ये डॉ. एदगार रेय यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली, त्यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात. तिचा बाळांना खरोखर फायदा होतो, आणि आईला तर बाळ आपलं वाटायला लागतं ते तिथेच. दोघांना एकदम छातीवर घेता येतं.

या दिवसांत पोटात कळाही येतात, हे कुणी सांगत नाही. गर्भाशय आक्रसत असतं आणि पाजताना त्या जोराच्या येतात. जुळ्यांनंतर त्या जास्त जाणवतात, पहिलटकरणीलाही. साध्या वेदनाशामकाने आराम पडतो आणि तीन-चार दिवसांत थांबतात. पोट ढिलं, रिकाम्या पिशवीसारखं वाटतं, उठून बसताना मधोमध उभी फट जाणवते. पोटाचे स्नायू बाजूला सरकलेले असतात, त्यांना महिने लागतात. दुधाची काळजी बायका फार करतात. दूध मागणीप्रमाणे तयार होतं, दोघं ओढत असतील तर दोघांपुरतं येऊ शकतं. बाळं लहान असून ओढत नसतील तर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करा आणि दिवसरात्र मिळून आठेक वेळा काढत राहा. कमी पडलं तर वरचं द्यावं लागेल, त्यात हरण्यासारखं काही नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दोघांवर एकदम माया जडते का? काही जणींची जडते. माझ्यासमोर खरं बोलणाऱ्या बऱ्याच जणींची जडत नाही. बहुतेकदा आधी जवळ आलेल्या, आधी घरी आलेल्या किंवा आधी नीट पिणाऱ्या बाळावर जीव बसतो, आणि दुसऱ्याची ओळख मागून होते. कधी उलट: अशक्त बाळात सगळं चित्त गुंततं आणि धडधाकट बाळाकडे आपण पाहिलंच नाही असं महिन्याने लक्षात येतं. हे हळूहळू सरळ होतं. एकेकाला वेगळं घेऊन बसण्यासाठी थोडा वेळ रोज काढला तर लवकर होतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, बाळं झोपली असतानाही झोप येत नसेल, दोघांपैकी कुणाजवळच जावंसं वाटत नसेल, किंवा स्वतःला वा बाळांना काही करून घ्यावं असे विचार येत असतील, तर डॉक्टरांना सांगा, आणि हे शेवटचं असेल तर त्याच क्षणी. जुळ्यांच्या आयांमध्ये बाळंतपणानंतरचं नैराश्य जास्त दिसतं, आणि ते उपचारांनी बरं होतं.

एक मात्र सांगते. दुसरं बाळ छातीवर घेतल्यावर कितीतरी जणी मला म्हणाल्या आहेत की हीच ती वरची, बरगडीखाली लाथा मारणारी. खालच्याच्या उचक्या ओटीपोटात लागायच्या, हिच्या लाथा वर. ३१व्या आठवड्यात तुम्हालाही कोण कुठे आहे ते कळायला लागलं असेल. रात्री कुशीवर पडलात की दोघांकडे वेगवेगळं लक्ष द्या. आणि त्यांपैकी एकाचीही हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, तर दुसरं भरपूर हलतंय म्हणून थांबू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.